माणसाला बुद्धी आली कशी? मेंदूची उत्क्रांती आणि तुमच्या बाळाचा मेंदू

"डॉक्टर, बाळाची टाळू अजून भरली नाही." सहा-सात महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई किंवा आजी हे हमखास सांगते. माझे उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात संपते. टाळू भरायला साधारण दीड वर्षापर्यंतचा काळ लागतो, काळजीचे कारण नाही. पण मुळात टाळू असते कशासाठी? डोक्यासारख्या नाजूक जागी हाडांत फट का ठेवलेली असते?

याचे उत्तर माणसाच्या बुद्धीच्या इतिहासात आहे. माणसाचा मेंदू जन्माच्या वेळी अपुरा असतो आणि जन्मानंतर फार वेगाने वाढतो. वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीची हाडे लगेच जुळत नाहीत. म्हणजे आपली बुद्धी आईच्या पोटात पूर्ण तयार होत नाही. तिचा मोठा भाग घरात, माणसांत घडतो. असे का झाले, हे समजून घेतले तर बाळाच्या पहिल्या काही वर्षांत काय महत्त्वाचे आणि कशावर पैसे घालवणे व्यर्थ, हेही आपोआप समजते.

बुद्धी म्हणजे नेमके काय?

परीक्षेतील गुण म्हणजे बुद्धी नव्हे. अनुभवातून शिकणे, लक्षात ठेवणे, पुढचा विचार करणे, नवी अडचण सोडवणे, दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल ते ओळखणे आणि भाषेतून ते सगळे एकमेकांना सांगणे, या साऱ्या क्षमता मिळून बुद्धी बनते.

यातल्या बऱ्याच क्षमता इतर प्राण्यांतही असतात. चिंपांझी काडी घालून वारुळातून वाळवी काढून खातात, हे जेन गुडाल यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोम्बे येथे पाहिले. कावळे अवजार वापरतात, हत्ती वर्षानुवर्षे पाणवठे लक्षात ठेवतात. माणसाचे वेगळेपण असे की तो एका पिढीने शिकलेले पुढच्या पिढीला देतो आणि ती पिढी त्यात भर घालते. म्हणूनच काडीवाला चिंपांझी आजही काडीच वापरतो आणि आपण दगडाच्या हत्यारापासून शस्त्रक्रियेच्या सुरीपर्यंत आलो.

आधी पाय, मग डोके

एक गैरसमज आधीच दूर करू. माणूस आजच्या माकडांपासून किंवा चिंपांझींपासून झालेला नाही. आपले आणि त्यांचे पूर्वज एक होते आणि पुढे दोन वाटा झाल्या. चिंपांझी हे आपले आजोबा नव्हेत, लांबचे चुलत भाऊ आहेत. या प्रवासातील मुख्य टप्पे असे:

• सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी: आफ्रिकेत या दोन वाटा वेगळ्या झाल्या.

• सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी: टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेवर दोन पायांवर चालणाऱ्यांची पावले उमटली. ती आजही टिकून आहेत.

• सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वी: इथिओपियात १९७४ मध्ये जिचा सांगाडा सापडला ती 'लूसी' याच काळातली. ती दोन पायांवर चालत होती, पण तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा होता.

• सुमारे ३३ ते २६ लाख वर्षांपूर्वी: केनिया आणि इथिओपियात दगड फोडून केलेली पहिली हत्यारे.

• सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी: होमो इरेक्टस. उंची आणि शरीराची ठेवण बरीचशी आपल्यासारखी. मेंदू सुमारे ६०० घनसेंटिमीटरपासून पुढे १,१०० घनसेंटिमीटरपर्यंत वाढत गेला. हे लोक आफ्रिकेबाहेर आशियातही पसरले.

• सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी: मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे आपल्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने अवशेष. मेंदूचा आकार जवळजवळ आपल्याइतकाच, पण कवटी लांबट. आपल्यासारखी गोलसर कवटी त्यानंतर हळूहळू घडत गेली.

• सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी: दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत कोणीतरी गेरूच्या तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेषांची नक्षी कोरली.

भारतही या कथेबाहेर नाही. तमिळनाडूतील अतिरम्पक्कम येथील दगडी हत्यारे १० लाख वर्षांहून जुनी आहेत. नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातील हथनोरा येथे १९८२ मध्ये प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपण आधी दोन पायांवर उभे राहिलो आणि मेंदू त्यानंतर लाखो वर्षांनी मोठा झाला. हात मोकळे झाले, हातांनी वस्तू उचलून नेता आल्या, हत्यारे करता आली. हुशार झालो म्हणून उभे राहिलो, असा क्रम नव्हता. उत्क्रांतीला पुढचे दिसत नाही. त्या त्या वेळी ज्याच्या अंगी उपयोगी गुण होता, त्याची मुले जास्त जगली आणि तो गुण पसरला, एवढेच घडत गेले.

मेंदू हा फार महागडा अवयव आहे

मोठा मेंदू इतका उपयोगी असेल तर सगळ्याच प्राण्यांना तो का नाही? कारण तो परवडत नाही.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो. पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. हा खर्च दिवसाला अंदाजे ३०० कॅलरी, म्हणजे तीन-चार पोळ्यांइतका आहे. तुम्ही गणित सोडवत असा किंवा झोपलेले असा, या खर्चात फारसा फरक पडत नाही. स्नायूंना विश्रांती देता येते, पण मेंदूचा पुरवठा चार-पाच मिनिटे थांबला तरी कायमची इजा होऊ लागते.

मग आपल्या पूर्वजांनी हा खर्च भागवला कसा? यावर अनेक मते आहेत.

पहिले मत आहाराचे. कंदमुळांच्या जोडीला मांस आणि हाडांतील मगज असे कमी आकारात जास्त ऊर्जा देणारे अन्न मिळू लागले. १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी असे मांडले की सकस अन्नामुळे आतडी लहान असूनही भागू लागले आणि आतड्यांवरची वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली. नंतर इतर सस्तन प्राण्यांत असा थेट संबंध आढळला नाही, त्यामुळे आज हे एकमेव कारण मानले जात नाही.

दुसरे मत चुलीचे. रिचर्ड रँगम यांच्या मते शिजवलेल्या अन्नाने माणूस घडवला. शिजवल्यावर अन्न मऊ होते, चावायला वेळ कमी लागतो आणि त्यातून जास्त ऊर्जा मिळते. होमो इरेक्टसचे दात आणि जबडा लहान होते, ही बाब या मताला पोषक आहे. मात्र अग्नी वापरल्याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा, दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेतला, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीचा आहे. मेंदूची वाढ त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. त्यामुळे ही चर्चा अजून चालू आहे.

तिसरे मत सोबतीचे. एकत्र शिकार करणे, अन्न वाटून खाणे, कोणावर विश्वास ठेवायचा हे लक्षात ठेवणे, या गटात राहण्याच्या कसरतीसाठी मोठा मेंदू लागला, असे रॉबिन डनबार यांचे म्हणणे. शिवाय वाटून खाण्याची सवय असली की एखाद्या दिवशी हात रिकामे राहिले तरी उपाशी राहावे लागत नाही. महागडा मेंदू पोसणाऱ्यासाठी ही मोठी हमी होती.

ही मते एकमेकांच्या विरोधात आहेतच असे नाही. अन्न, अग्नी आणि माणसांची साथ यांनी मिळून मेंदूचा खर्च उचलला असावा.

मोठे डोके म्हणजे जास्त बुद्धी?

नाही. हत्तीचा मेंदू ४ ते ५ किलोचा आणि स्पर्म व्हेल या देवमाशाचा सुमारे ८ किलोचा असतो. फरक चेतापेशी किती आणि कुठे आहेत यात आहे. ब्राझीलच्या संशोधक सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी मोजण्याची नवी पद्धत काढली. त्यानुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. हत्तीच्या मेंदूत त्याहून तिप्पट असतात, पण बहुतेक सगळ्या हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत. विचार, भाषा आणि नियोजन सांभाळणाऱ्या वरच्या सुरकुतलेल्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, माणसाच्या सुमारे १,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि हत्तीच्या ६०० कोटींहूनही कमी.

माणसामाणसांतही आकारावरून फार काही सांगता येत नाही. निअँडरथल मानवाचा मेंदू आपल्याइतका किंवा किंचित मोठाच होता. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरचा जेमतेम मीटरभर उंचीचा मानव चिंपांझीएवढ्या मेंदूवर दगडी हत्यारांचा वापर करत होता. आइन्स्टाइन यांच्या मेंदूचे वजन १,२३० ग्रॅम, म्हणजे सरासरीपेक्षा कमी भरले. स्त्रियांचा मेंदू पुरुषांपेक्षा सरासरीने सुमारे १० टक्के लहान असतो, पण सरासरी बुद्धिमत्तेत फरक आढळत नाही. तेव्हा बाळाच्या डोक्याच्या घेरावरून हुशारीचा अंदाज बांधू नका. आम्ही घेर मोजतो तो वाढ नीट होते आहे ना, हे पाहण्यासाठी.

अपुरे जन्मलेले बाळ

वासरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते. माणसाच्या बाळाला मान धरायलाच तीन-चार महिने लागतात. चिंपांझीच्या पिल्लाचा मेंदू जन्मतः प्रौढ मेंदूच्या सुमारे ४० टक्के असतो, तर माणसाच्या बाळाचा ३० टक्क्यांहून कमी.

याचे जुने स्पष्टीकरण असे की दोन पायांवर चालण्यासाठी कमरेच्या हाडांची रचना बदलली, प्रसूतिमार्ग अडचणीचा झाला आणि दुसरीकडे डोके मोठे होत गेले. त्यामुळे डोके मावते आहे तोवरच बाळाला बाहेर यावे लागते. अलीकडे दुसरा मुद्दा पुढे आला आहे. नवव्या महिन्यापर्यंत बाळाची ऊर्जेची गरज आईच्या शरीराच्या क्षमतेच्या टोकाला पोहोचते आणि त्यापुढे पोटात पोसणे शक्य नसते. दोन्ही कारणांत तथ्य असू शकते. बाळंतपण अवघड असणे हा मात्र बाईचा कमकुवतपणा नव्हे, आपल्या सगळ्यांच्या मोठ्या डोक्याची ती किंमत आहे. बाळाचे डोके प्रसूतिमार्गातून वळत वळत येते, म्हणून माणसांत बाळंतिणीजवळ मदतीला कोणी असण्याची पद्धत फार जुनी असावी, असे मानले जाते. आज ती मदत दवाखान्यात मिळते आणि गरज पडल्यास सिझेरियनने मिळते. त्यात कमीपणा काही नाही.

आता टाळूकडे परत येऊ. जन्मताना कवटीची हाडे थोडी एकमेकांवर सरकू शकतात, म्हणून डोके बाहेर येऊ शकते. त्यानंतर वाढीसाठी जागा मोकळी राहते. जन्मतः साधारण ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात सुमारे ४६ सेंटिमीटर होतो. दोन वर्षांपर्यंत मेंदू प्रौढ आकाराच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे जातो आणि सहाव्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांच्या वर. या काळात चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या छाटल्या जातात. नियोजन आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो.

हे सगळे चालते अन्नावर. साधारण पाचव्या वर्षी मुलाचा मेंदू शरीराच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वापरतो. याच वयात शरीराची वाढ सर्वांत मंद असते. जणू शरीर थांबून मेंदूला पुढे जाऊ देते. चार-पाच वर्षांचे खेळकर मूल 'अंगाला धरत नाही' म्हणून पावडरीचे डबे आणण्याआधी त्याचा वाढीचा तक्ता डॉक्टरांकडून तपासून घ्या. बहुतेक वेळा वाढ बरोबर असते.

शिकणारा प्राणी, आणि शिकवणाराही

जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. अडीच वर्षांची १०५ मुले, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना सारख्याच चाचण्या दिल्या. वस्तू कुठे लपवली, कुठे जास्त आहे, कशाने काय घडते, अशा प्रश्नांत मुले आणि चिंपांझी जवळजवळ बरोबरीत होते. पण दुसऱ्याचे पाहून शिकणे, दुसऱ्याचा इशारा समजणे यात मुले खूपच पुढे होती.

म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाची आघाडी त्याच्या एकट्याच्या डोक्यात नाही. ती दुसऱ्याकडून घेण्याच्या ताकदीत आहे. तुम्ही फोन कानाला लावता तसे मूल रिमोट कानाला लावते. आजी देवापुढे हात जोडते तसे तेही जोडते, का ते कळत नसतानाही. ही नक्कल हाच आपल्या बुद्धीचा पाया आहे.

घ्यायला मूल तयार असले तरी द्यायला कोणी हवे. बहुतेक प्राण्यांच्या माद्या आयुष्याच्या अखेरीपर्यंत पिल्ले देतात. माणसात मात्र पाळी थांबल्यावर स्त्री अनेक वर्षे जगते. टांझानियातील हाडझा लोकांमध्ये आज्या कंदमुळे खणून नातवंडांना पोसतात, हे पाहून क्रिस्टन हॉक्स यांनी असे मांडले की नातवंडांना जगवणाऱ्या आजीमुळेच माणसाचे आयुष्य लांबले असावे. या मतावर वाद आहेत, पण एकट्या आईवर मूल टाकून माणूस कधीच वाढला नाही, याबद्दल फारसे दुमत नाही. बाळंतीण एकटी पडली, थकून गेली, सतत रडू येऊ लागले, तर तो तिचा दोष नव्हे. तिला मदत आणि गरज पडल्यास उपचार हवे असतात.

जनुके किती, संगोपन किती?

दोन्ही. माणसात काही जनुकांच्या जास्तीच्या प्रती तयार झाल्या आणि त्यांनी कॉर्टेक्समधील पेशींची संख्या वाढवायला मदत केली, असे प्रयोगशाळेत दिसते. 'नॉच टू एनएल' हा असाच जनुकांचा एक गट आहे. 'फॉक्सपी टू' या जनुकात बिघाड झाला तर बोलण्यात गंभीर अडचण येते. पण बुद्धीचे असे एकच जनुक नाही. हजारो जनुकांचा प्रत्येकी अगदी थोडा परिणाम होतो, म्हणून लाळेच्या नमुन्यावरून 'तुमचे मूल किती हुशार होणार' हे सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे खर्च करू नका.

संगोपनाचा वाटा किती मोठा आहे, हे दोन गोष्टींतून कळते. पहिली, जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलेली. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापन चाचणीचे गुण दर दहा वर्षांना सुमारे ३ ने वाढत गेले. दोन-तीन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. बदलले ते पोषण, शिक्षण, आजारांचे प्रमाण आणि विचार करण्याच्या सवयी.

दुसरी गोष्ट दुःखद आहे. रुमानियातील अनाथालयांत मुलांना अन्न आणि निवारा होता, पण जवळ घेणारे, बोलणारे माणूस नव्हते. २००० मध्ये बुखारेस्ट येथे सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पालक कुटुंबांत ठेवले गेले. त्या मुलांच्या बुद्धीची वाढ संस्थेतील मुलांपेक्षा चांगली झाली आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. पोट भरणे पुरेसे नव्हते. मेंदूला माणूस लागतो.

तुमच्या घरात काय करता येईल?

गर्भधारणेच्या दिवसांपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण १,००० दिवस सर्वांत मोलाचे असतात. त्यासाठी काही महागडे लागत नाही.

• फॉलिक ॲसिड: गर्भातील मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्याआधीच. म्हणून मूल हवे असे ठरवताच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा.

• आयोडीन: हे कमी पडले तर थायरॉइडचे संप्रेरक कमी बनते आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. गरोदरपणात रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागते. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अभ्यासाने दाखवले की आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा, ते झाकणाच्या डब्यात ठेवा. साधे खडेमीठ किंवा सैंधव रोजच्या वापरात पर्याय नाही. रक्तदाब असेल तर मीठ कमी करा, पण असेल ते आयोडीनयुक्त असू द्या.

• लोह: आईचे किंवा बाळाचे रक्त कमी असेल तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. गरोदरपणातील लोहाच्या गोळ्या सोडू नका. पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी यांबरोबर लिंबू पिळा. मांस, मासे, अंडी खात असाल तर उत्तम. जेवणाला लागून चहा नको.

• स्तनपान आणि वरचे अन्न: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. सहा महिने पूर्ण होताच मऊ, घट्टसर वरचे अन्न सुरू करा आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. नुसते वरणाचे पाणी पोट भरते, पोषण देत नाही. वरण, भात, तूप, भाजी, अंडे कुस्करून द्या.

• बोलणे: बाळ आवाज काढते तेव्हा उत्तर द्या. कपडे घालताना, भाजी निवडताना त्याच्याशी बोला, बडबडगीते म्हणा, गोष्टी सांगा. आपल्या बोलीत बोला, इंग्रजीची घाई नको.

• पडदा: दोन वर्षांच्या आत मोबाइल, टीव्ही नको. पडदा मुलाला पाहून उत्तर देत नाही.

• झोप: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास.

• तंबाखू आणि मद्य: गरोदरपणात दोन्ही पूर्ण बंद. मशेरीही तंबाखूच आहे. तिच्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मू शकते.

नेहमीचे काही गैरसमज

'आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो.' चूक. जो अवयव एवढी ऊर्जा खातो त्याचा ९० टक्के भाग पडून राहिला असता तर तो उत्क्रांतीत टिकला नसता. तपासण्यांत मेंदूचे सर्व भाग काम करताना दिसतात.

'टाळूवर तेल भरल्याने बुद्धी वाढते.' हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण त्याने ना टाळू लवकर भरते ना बुद्धी वाढते. टाळू दाबू नका.

'बुद्धीचे टॉनिक हवे.' निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाची बुद्धी कोणत्याही टॉनिकने वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. लोह, आयोडीन किंवा बी-१२ यांची कमतरता असेल तर तिच्यावर उपचार करायचे असतात.

'अमुक जातीत बुद्धी उपजतच असते.' याला वैज्ञानिक आधार नाही. जगातील सगळी माणसे एकाच आफ्रिकी मुळाची आहेत. समाजासमाजांत गुणांचा जो फरक दिसतो, त्यामागे पोषण, शाळा, पुस्तके आणि संधी यांतील पिढ्यान्‌पिढ्यांची तफावत आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• बाळ शांत, बसते असतानाही टाळू फुगलेली असेल, सोबत ताप, उलट्या किंवा सुस्ती असेल तर लगेच. रडताना टाळू थोडी वर येणे किंवा तिथे ठोका दिसणे सामान्य आहे.

• जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली असेल तर लगेच. शरीरातले पाणी कमी झाल्याची ती खूण असू शकते.

• डोक्याचा घेर फार वेगाने वाढत असेल किंवा वाढतच नसेल.

• तीन महिन्यांपर्यंत बाळ चेहरा पाहून हसत नसेल, मोठ्या आवाजाला प्रतिसाद देत नसेल.

• नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल.

• दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडत नसेल.

• आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात येईनाशी झाली असेल.

'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाट पाहू नका. ऐकू येण्यातील दोष, थायरॉइडची कमतरता, स्वमग्नता हे जितके लवकर कळतील तितका उपचारांचा उपयोग जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी मोफत होते. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारा.

थोडक्यात

माणसाची बुद्धी एका दिवसात, एका जनुकाने किंवा एका शोधाने आली नाही. मोकळे झालेले हात, सकस अन्न, चूल, गटातले जगणे आणि भाषा यांनी लाखो वर्षांत ती घडवली. तिची किंमत म्हणून आपल्याला अवघड बाळंतपण आणि लांबलचक बालपण मिळाले. तेच बालपण शिकण्याची संधीही आहे. पुढच्या वेळी बाळाच्या टाळूवर हात ठेवाल तेव्हा लक्षात असू द्या, खाली जे वाढते आहे ते अजून अपुरे आहे आणि ते पूर्ण करण्यात तुमच्या स्वयंपाकघराचा आणि तुमच्या बोलण्याचा वाटा आहे.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या बाळाबद्दल शंका असल्यास जवळच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.